कॅमेऱ्यातून ऐकणं आणि बोलणं: घरच्या सीसीटीव्हीवर टू-वे ऑडिओ कसा सुरू करायचा

टू-वे ऑडिओ हे नाव एक असलं, तरी त्यात आवाजाचे रस्ते दोन असतात. ऐकण्याचा रस्ता कॅमेऱ्याजवळच्या माइकपासून सुरू होतो आणि रेकॉर्डर किंवा कंपनीच्या सर्व्हरमार्गे तुमच्या मोबाइलच्या स्पीकरपर्यंत येतो. बोलण्याचा रस्ता मोबाइलच्या माइकपासून निघतो आणि ॲप, इंटरनेट असं करत गेटवरच्या स्पीकरपर्यंत पोचतो. दोघांत सामाईक फार थोडं आहे. माइक वेगळे, स्पीकर वेगळे, सेटिंगं वेगळी, परवानग्याही वेगळ्या.

म्हणून नुसतं ‘आवाज चालत नाही’ म्हणत दुरुस्तीला बसलं की वेळ वाया जातो. तिकडचं इकडे ऐकू येत नाही, की इकडचं तिकडे पोचत नाही, हे आधी ठरवा. एक रस्ता पूर्ण चालू झाला की मगच दुसऱ्याला हात लावा. पुढे सगळीकडे हाच क्रम आहे: आधी ऐकणं, मग बोलणं.

तुमच्याकडे नेमकं काय आहे ते पाहा

घरांत साधारण तीन प्रकार दिसतात. पहिला, सुटा वाय-फाय कॅमेरा: मेमरी कार्डवाला, गोल फिरणारा किंवा बाहेर लावायचा. यात माइक आणि स्पीकर दोन्ही बहुधा आतच असतात. दुसरा, डीव्हीआरला (चित्र साठवणारा रेकॉर्डर) ३+१ केबलने (तीन साध्या तारा आणि चित्राची एक कोएक्सियल वायर) जोडलेले ॲनालॉग कॅमेरे. बंगले, दुकानं आणि जुन्या सोसायट्यांमध्ये हेच जास्त सापडतात. तिसरा, नेटवर्क केबलवर चालणारे आयपी कॅमेरे आणि एनव्हीआर, म्हणजे त्यांचा रेकॉर्डर.

खरेदी करताना खोक्यावरचे शब्द नीट वाचा. ‘बिल्ट-इन माइक’ एवढंच लिहिलं असेल तर ऐकू येईल, बोलता येणार नाही. ‘टू-वे टॉक’ किंवा ‘टू-वे ऑडिओ’ असं स्पष्ट हवं. कॅमेऱ्यावरही खूण दिसते: माइकचं छिद्र सुईच्या टोकाएवढं असतं, स्पीकरला जाळी किंवा पाच-सात छिद्रांचा पुंजका असतो. जाळी कुठेच नसेल तर त्या कॅमेऱ्यात स्पीकर नाही आणि कुठलंही सेटिंग तो आणू शकणार नाही.

डीव्हीआरच्या कॅमेऱ्यांबाबत एक घोळ नेहमी होतो. हल्ली माइक असलेले ॲनालॉग कॅमेरे मिळतात आणि त्यांचा आवाज चित्राबरोबर त्याच कोएक्सियल वायरमधून डीव्हीआरपर्यंत येतो. हे चांगलं आहे, पण बहुतेक मॉडेलांत तो आवाज एकाच दिशेने चालतो. अशा कॅमेऱ्यापाशी तुमचं बोलणं पोचवायचं तर स्पीकरची सोय वेगळी करावी लागते. ती कशी करायची ते खाली सविस्तर आहे.

वाय-फाय कॅमेरा: दहा मिनिटांचं काम, पण क्रमाने

ॲपमध्ये थेट चित्र उघडलं की स्पीकरच्या चिन्हावर काट असते. अनेक ॲप सुरुवातीला आवाज बंदच ठेवतात. ती काट काढा. तरीही काही ऐकू आलं नाही तर कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये जाऊन माइक किंवा ऑडिओ रेकॉर्डिंग सुरू आहे का पाहा. काही कॅमेऱ्यांत ‘प्रायव्हसी मोड’ लावला की चित्राबरोबर आवाजही बंद होतो.

चाचणीसाठी घरातल्या कुणाला तरी कॅमेऱ्यापासून २ मीटरवर उभं करून एक ते दहा आकडे मोजायला सांगा आणि तुम्ही दुसऱ्या खोलीत जा. त्याच खोलीत उभं राहून चाचणी घेतली तर मोबाइलचा आवाज कॅमेऱ्याच्या माइकमध्ये, तिथून पुन्हा मोबाइलमध्ये, असा फिरत राहतो आणि कर्कश शिट्टी वाजते. कॅमेरा बिघडलेला नसतो, चाचणीची जागा चुकलेली असते.

ऐकणं जमलं की बोलण्याकडे वळा. इथे सर्वात आधी मोबाइलची परवानगी तपासा. अँड्रॉइडमध्ये सेटिंग, ॲप्स, तुमचं कॅमेऱ्याचं ॲप, परमिशन्स, मायक्रोफोन अशा वाटेने जाऊन ‘ॲप वापरताना परवानगी द्या’ हा पर्याय निवडा. अँड्रॉइड १२ पासून वरून खाली ओढायच्या पट्टीत सगळ्या ॲपसाठी माइक एकदम बंद करणारं बटणही आलं आहे. ते चुकून दाबलं गेलं असेल तर ॲपची परवानगी असूनही आवाज जात नाही. आयफोनवर सेटिंग, प्रायव्हसी अँड सिक्युरिटी, मायक्रोफोन इथे ॲपचं नाव हिरवं करा. बोलण्याचं बटण दाबल्यावर आयफोनच्या वरच्या बाजूला नारिंगी ठिपका, अँड्रॉइड १२ किंवा त्यापुढच्यावर हिरवी खूण दिसली, तर मोबाइलचा माइक खरोखर सुरू झाला आहे. खूण दिसत नसेल तर दोष मोबाइलमध्येच आहे. मग कॅमेरा उतरवायला शिडी लावू नका.

खूण दिसते पण तिकडे आवाज नाही, तर पुढचं तपासा. कॅमेऱ्याच्या सेटिंगमधला स्पीकरचा आवाज शून्यावर किंवा अगदी कमी असू शकतो. मोबाइल ब्लूटूथ इअरफोनला जोडलेला असेल आणि इअरफोन खिशात असतील, तर ॲप तिथला माइक धरून बसतं. दुसरा एखादा कॉल सुरू असेल तर माइक त्याच्याकडेच राहतो. तुम्ही मूळ खातेदार नसून घरच्या कुणी तुम्हाला कॅमेरा ‘शेअर’ केला असेल, तर चित्र दिसेल पण बोलण्याचा अधिकार दिलेला नसेल. तो मूळ खातेदाराच्या मोबाइलवरून द्यावा लागतो. गावी आई-बाबांच्या घरी कॅमेरा आणि मुलं पुण्याला किंवा परदेशात, अशा घरांत हे हमखास होतं.

आणखी एक बारीक गोष्ट अँड्रॉइडवर. बोलण्याचं बटण दाबलं की बरीच ॲप मोबाइलला ‘कॉल’च्या अवस्थेत नेतात. त्या क्षणी गाण्यांचा आवाज वेगळा, कॉलचा वेगळा. म्हणून आधी मोठ्याने ऐकू येणारा आवाज बोलायला लागल्यावर एकदम बारीक होतो. बटण दाबलेल्या अवस्थेतच आवाजाची कळ वर करा.

ॲपमध्ये दोन पर्याय असतील, बटण दाबून धरून बोलायचा आणि फोनसारखा सलग बोलायचा, तर दारावरच्या कॅमेऱ्यासाठी दाबून धरण्याचाच ठेवा. त्यात तुम्ही बोलताना कॅमेऱ्याचा माइक बंद राहतो, म्हणून घुमणं आणि शिट्टी होत नाही. वॉकीटॉकीसारखं बोलायची सवय मात्र करावी लागते. सलग पर्याय घरातल्या म्हाताऱ्या माणसांशी बोलायला बरा, कारण त्यांना ‘आता तुम्ही बोला’ हे सांगत बसावं लागत नाही.

आवाज तुटतो तेव्हा कुठलं इंटरनेट तपासायचं

इथेही दोन रस्त्यांचा हिशेब ठेवला की उत्तर लवकर मिळतं. तुम्ही ऐकता तेव्हा घरच्या ब्रॉडबँडचं अपलोड आणि तुमच्या मोबाइलचं डाउनलोड वापरलं जातं. तुम्ही बोलता तेव्हा उलट: मोबाइलचं अपलोड आणि घरचं डाउनलोड. म्हणजे तिकडचं स्पष्ट ऐकू येतं पण तुमचं बोलणं तुटक पोचतं, तर घरचा राउटर बदलून फायदा नाही. तुम्ही जिथे उभे आहात तिथलं मोबाइल नेटवर्क पाहा.

आवाजाला फार वेग लागत नाही. जी.७११ या कॅमेऱ्यांत सर्रास वापरल्या जाणाऱ्या पद्धतीत आवाज सेकंदाला ६४ किलोबिट एवढाच असतो. भार चित्राचा असतो. २ मेगापिक्सेलचं मुख्य चित्र सेकंदाला साधारण २ मेगाबिट खातं, आणि अरुंद रस्त्यावर हा ट्रक पुढे असला की आवाजाची सायकल मागे अडकते. बोलायच्या वेळी ॲपमध्ये चित्राचा दर्जा ‘एचडी’वरून ‘एसडी’वर आणा. बहुतेक वेळा तुटणं तिथेच थांबतं.

दोन्ही बाजूंचा आवाज तुटत असेल तर बहुधा कॅमेऱ्यापाशी वाय-फाय कमजोर आहे. ॲपमध्ये सिग्नलचा आकडा दिसत असेल तर उणे ६५ डीबीएम (सिग्नलच्या ताकदीचं माप) किंवा त्याहून चांगला, म्हणजे शून्याच्या जवळचा, हवा. उणे ७५ च्या खाली चित्र कसंबसं चालतं, आवाज चालत नाही, कारण चित्र थोडं अडखळलं तरी डोळा सांभाळून घेतो, कान नाही. गेटवरच्या कॅमेऱ्यासाठी राउटरचा २.४ गिगाहर्ट्झचा पट्टाच वापरा. भिंतींपलीकडे तो ५ गिगाहर्ट्झपेक्षा जास्त पोचतो.

एक ते तीन सेकंदांचा उशीर मात्र गृहीत धरा. आवाज कंपनीच्या सर्व्हरला वळसा घालून येतो, आणि परदेशातून बोलताना हा वळसा आणखी वाढतो. समोरच्याला एकदाच सांगून ठेवा: एक वाक्य बोलायचं, थांबायचं, मग उत्तर.

डीव्हीआर असेल तर: खरं काम इथे आहे

डीव्हीआरच्या मागे गोल आरसीए खाचा असतात, ऑडिओ इन आणि ऑडिओ आउट. चार चॅनेलच्या साध्या डीव्हीआरला बहुधा एकेकच असते. इन म्हणजे माइक, आउट म्हणजे स्पीकर. एवढ्यावर गेटसाठी पूर्ण टू-वे ऑडिओ उभा राहतो आणि जुने कॅमेरे बदलावे लागत नाहीत.

सामान असं लागेल. १२ व्होल्टवर चालणारा सीसीटीव्ही माइक एक. पॅम ८६१० चिपचं छोटं ॲम्प्लिफायर बोर्ड एक, हे १२ व्होल्टवर थेट चालतं. ८ ओहम, १० वॅटचा पाणी सहन करणारा छोटा भोंगा एक. १२ व्होल्ट २ अँपिअरचा ॲडॉप्टर ॲम्प्लिफायरसाठी, आणि १२ व्होल्ट १ अँपिअरचा माइकसाठी. आरसीए पिना दोन. स्पीकरसाठी ०.७५ चौरस मिलिमीटरची दोन तारी वायर आणि माइकसाठी शिल्डेड (आत तारेची जाळी असलेली) ऑडिओ केबल, दोन्ही गेटपर्यंतच्या अंतराएवढ्या अधिक २ मीटर. दोन जंक्शन बॉक्स.

माइक १२ व्होल्टवालाच घ्या. कराओकेचा किंवा गाण्याचा साधा माइक काही मिलिव्होल्टच देतो, आणि डीव्हीआरच्या ऑडिओ इनला साधारण व्होल्टभर सिग्नल हवा असतो. तो माइक लावला तर माणूस माइकला तोंड लावून ओरडला तरच काहीतरी पुटपुटल्यासारखं येतं. सीसीटीव्ही माइकमध्ये आवाज वाढवणारं सर्किट आतच असतं, त्यासाठीच त्याला वीज लागते. त्याच्या तारांत बहुधा लाल म्हणजे १२ व्होल्ट, काळी म्हणजे ग्राउंड, आणि पिवळी किंवा पांढरी म्हणजे आवाज. पण रंग पाकिटावर पाहूनच जोडा. १२ व्होल्ट चुकून आवाजाच्या तारेवर गेले तर डीव्हीआरची खाच कायमची बंद पडू शकते.

स्पीकरच्या बाबतीतही अशीच चूक होते. भोंगा थेट ऑडिओ आउटला जोडला जातो, आणि मग अगदी कान लावून ऐकावं लागतं किंवा काहीच येत नाही. ऑडिओ आउट फक्त सिग्नल देतं, ताकद देत नाही. मध्ये ॲम्प्लिफायर हवाच.

ॲम्प्लिफायर डीव्हीआरजवळच ठेवा आणि गेटपर्यंत स्पीकरची वायर न्या. उलट केलं, म्हणजे बारीक सिग्नल लांब नेला, तर वाटेतल्या वीजवाहिन्यांची घरघर तो गोळा करतो. वाढवलेला आवाज लांब नेला तर घरघर त्यात शिरत नाही, फक्त थोडी ताकद कमी होते. २० मीटर अंतरावर ०.७५ ची वायर जाऊन-येऊन जेमतेम १ ओहम अडथळा करते, ८ ओहमच्या भोंग्याला त्याचा फरक कळत नाही. ४ ओहमच्या भोंग्याला कळतो, म्हणून ८ चाच घ्या.

पॅम ८६१० वर डाव्या आणि उजव्या अशा दोन वाहिन्या असतात. डीव्हीआरच्या आरसीएची मधली तार डाव्या इनपुटला, बाहेरची जाळी ग्राउंडला. उजवा इनपुट रिकामा न ठेवता ग्राउंडला जोडा. भोंग्याच्या दोन्ही तारा डाव्या आउटपुटच्या अधिक आणि उणे टोकांना. या बोर्डात स्पीकरचं उणे टोक म्हणजे ग्राउंड नव्हे. ते ॲडॉप्टरच्या उणे टोकाला किंवा भोंग्याच्या लोखंडी पट्टीला टेकलं तर बोर्ड जळू शकतं.

ॲम्प्लिफायरला कॅमेऱ्यांच्या एसएमपीएसमधून (सगळ्या कॅमेऱ्यांना १२ व्होल्ट देणारा डबा) वीज देऊ नका. जोराने बोलताना तो झटक्याने करंट ओढतो, व्होल्टेज खाली जातं आणि कॅमेऱ्यांचं चित्र फडफडतं. म्हणून वेगळा ॲडॉप्टर.

जोडल्यावर तपासणी, तुकड्या-तुकड्याने

सगळं जोडून एकदम मोबाइलवर बघायला जाऊ नका. आधी ॲम्प्लिफायरच्या इनपुटला टीव्ही किंवा लॅपटॉपच्या ऑडिओ आउटमधून बातम्या लावा आणि भोंगा वाजतो का ऐका. वाजला, तर ॲम्प्लिफायर, वायर आणि भोंगा तिन्ही ठीक. मग माइकची आरसीए पिन डीव्हीआरऐवजी टीव्हीच्या एव्ही इनला किंवा होम थिएटरला लावून गेटवर कुणालातरी बोलायला सांगा. ऐकू आलं, तर माइकही ठीक. आता दोन्ही डीव्हीआरला लावा. इथून पुढे काही अडलं तर दोष सेटिंगमध्ये आहे, तारेत नाही, हे तुम्हाला पक्कं माहीत असेल.

डीव्हीआरच्या सेटिंगमध्ये आवाज चॅनेलनिहाय सुरू करावा लागतो. हिकव्हिजन घराण्यातल्या डीव्हीआरमध्ये स्ट्रीमचा (चित्र-आवाजाच्या प्रवाहाचा) प्रकार ‘व्हिडिओ’ असतो तो ‘व्हिडिओ अँड ऑडिओ’ करा. दाहुआ घराण्यातल्या डीव्हीआरमध्ये ‘एन्कोड’ किंवा ऑडिओच्या पानावर खूण करावी लागते, आणि तिथे ऑडिओ सोर्सही विचारतात. माइक मागच्या आरसीएला लावला असेल तर ‘लोकल’ निवडा. माइक कॅमेऱ्याच्या आत असेल आणि आवाज कोएक्सियलमधून येत असेल तर ‘एचडीसीव्हीआय’. हा एक शब्द चुकला तर चित्र चोख, आवाज शून्य, आणि माणूस माइक बदलत बसतो.

त्याच पानावर मुख्य स्ट्रीम आणि सब-स्ट्रीम (त्याच चित्राचा कमी दर्जाचा, हलका प्रवाह) अशा दोन जागा असतात. मोबाइलवर, विशेषतः बाहेरून, बहुधा सब-स्ट्रीम उघडतो. डीव्हीआरच्या मॉनिटरवर आवाज येतो आणि मोबाइलवर येत नाही, या तक्रारीचं कारण बहुतांशी हेच: खूण फक्त मुख्य स्ट्रीमवर केलेली असते. दोन्हीकडे करा आणि सेव्ह करून मोबाइलवरचं चित्र बंद करून पुन्हा उघडा.

आता बोलणं. ॲपमधलं माइकचं चिन्ह दाबल्यावर काही ॲप विचारतात: आवाज डीव्हीआरकडे पाठवायचा की एखाद्या कॅमेऱ्याकडे? आपला भोंगा डीव्हीआरच्या ऑडिओ आउटला आहे, म्हणून इथे उत्तर ‘डिव्हाइस’, म्हणजे डीव्हीआर. कॅमेरा निवडला तर ज्या कॅमेऱ्यात स्पीकरच नाही त्याच्याकडे आवाज जातो आणि चूक झाली असा संदेशही कधी कधी येत नाही.

‘डिव्हाइस बिझी’ असं दिसलं तर दुसऱ्या कुणाच्या तरी मोबाइलवर किंवा संगणकावर बोलण्याची वाहिनी उघडी राहिली आहे. चित्र एकाच वेळी अनेकांना दिसतं, पण बोलण्याची वाहिनी बहुतेक यंत्रांत एकच असते. ती दुसरीकडून बंद करा, नाहीतर डीव्हीआर एकदा बंद करून सुरू करा.

एक गोष्ट आधीच ठाऊक असलेली बरी. ऑडिओ आउटमधून फक्त तुमचं बोलणं बाहेर पडतं असं नाही. घरात डीव्हीआरच्या मॉनिटरवर कुणी आवाजासह जुनं रेकॉर्डिंग लावलं तर तेही गेटवरच्या भोंग्यातून वाजतं. आणि थेट चित्राचा आवाज सुरू राहिला तर माइकमध्ये आलेला आवाज भोंग्यात, भोंग्याचा पुन्हा माइकमध्ये, अशी शिट्टी रात्री-अपरात्री सुरू होऊ शकते. डीव्हीआरच्या मॉनिटरवरचा आवाज बंद ठेवा, किंवा ॲम्प्लिफायरच्या ॲडॉप्टरला एक साधं बटण द्या.

घरघर, शिट्टी आणि पावसाळा

माइकचा आवाज ३+१ केबलमधल्या मोकळ्या तिसऱ्या तारेतून आणायचा मोह सगळ्यांना होतो, कारण केबल आधीच भिंतीत आहे. थोड्या अंतरावर ते चालतं. पण एक खास दोष त्यातून येतो: दिवसा आवाज स्वच्छ आणि अंधार पडला की घरघर. कारण असं की रात्री कॅमेऱ्याचे इन्फ्रारेड दिवे लागतात, करंट वाढतो, आणि तो सगळा करंट ज्या काळ्या तारेतून परत जातो तीच तार माइकचं ग्राउंडही असते. त्या तारेवरचा व्होल्टेजचा चढउतार आवाजात मिसळतो. माइक बदलून हे जात नाही. माइकला वेगळा ॲडॉप्टर द्या, आवाजासाठी वेगळी शिल्डेड केबल टाका, आणि माइकची काळी तार कॅमेऱ्याच्या काळ्या तारेला कुठेही जोडू नका. शिल्डेड केबलची जाळी एका टोकाला माइकच्या काळ्या तारेला आणि दुसऱ्या टोकाला डीव्हीआरच्या आरसीएच्या बाहेरच्या भागाला जोडा.

सतत जाड सुरात गुणगुण येत असेल, रात्र असो वा दिवस, तर दोन ग्राउंड एकमेकांना वेगळ्या वाटांनी जोडले गेले आहेत. गाड्यांच्या स्टिरिओसाठी मिळणारा ‘ग्राउंड लूप आयसोलेटर’ त्या वाटेत घाला. त्यात छोटे ट्रान्सफॉर्मर असतात, आवाज पलीकडे जातो आणि ग्राउंड तुटतं.

शिट्टी टाळायची तर भोंगा आणि माइक यांच्यात किमान दीड-दोन मीटर अंतर ठेवा आणि भोंग्याचं तोंड माइककडे वळवू नका. गेटच्या एका खांबावर माइक, दुसऱ्यावर भोंगा ही उत्तम मांडणी. ॲम्प्लिफायरचा आवाज पूर्ण वाढवून नंतर कमी करू नका. खालून सुरू करा, गेटवरच्या माणसाला स्पष्ट कळेल तिथे थांबा. रस्त्यापलीकडच्या घराला ऐकू जाईल एवढा आवाज कधीच लागत नाही, आणि शेजाऱ्यांचा विचार करून तो ठेवूही नये.

कोकणात आणि घाटमाथ्यावर पावसाळा या सगळ्याची परीक्षा घेतो. माइक छज्जाखाली, भोंगा तोंड किंचित खाली करून. जंक्शन बॉक्समध्ये वायर खालच्या बाजूने आत न्या आणि आत शिरण्याआधी तिला खाली लोंबता वळसा द्या, म्हणजे तारेवरून ओघळणारं पाणी वळशावरून टपकून जाईल. नुसती चिकटपट्टी गुंडाळलेला जोड पहिल्या पावसात हिरवा पडतो आणि आवाज खरखरायला लागतो. जोडाला सोल्डर करा आणि वर हीट श्रिंक नळी चढवा.

पूर्वी छान चालणारा माइक हळूहळू बहिरा झाला असेल तर उघडायच्या आधी त्याचं छिद्र पाहा. कुंभारीण माशी तिथे मातीचं घर करते, आणि सोसायटीला रंग लावताना रंगारी छिद्रावरून ब्रश फिरवतो. मऊ कोरड्या ब्रशने हलकेच साफ करा. टाचणी घालू नका, आतला पडदा फाटतो.

आयपी कॅमेरे आणि एनव्हीआर

टू-वे ऑडिओ असलेला आयपी कॅमेरा त्याच कंपनीच्या एनव्हीआरला जोडला असेल तर काम सरळ आहे: स्ट्रीममध्ये ऑडिओ सुरू करा, आणि ॲपमध्ये बोलताना डिव्हाइस न निवडता तो कॅमेरा निवडा. कॅमेऱ्याला बाहेरचा माइक जोडला असेल तर सेटिंगमध्ये ‘माइक इन’ आणि ‘लाइन इन’ असे पर्याय येतात. १२ व्होल्टवाल्या माइकसाठी ‘लाइन इन’. उलट निवडलं तर आवाज फाटतो.

वेगळ्या कंपन्यांचे कॅमेरा आणि एनव्हीआर एकत्र केले की अडचण येते, आणि ती पुन्हा एकाच रस्त्यावर. दोन्हींवर ‘ऑनव्हिफ’ (वेगळ्या कंपन्यांची यंत्रं एकमेकांशी जुळावीत म्हणून ठरवलेलं मानक) लिहिलेलं असतं, चित्र येतं, ऐकूही येतं, पण बोलता येत नाही. ऑनव्हिफच्या जुन्या प्रोफाइल एस मध्ये बोलण्याची उलटी वाहिनी गृहीत धरलेली नाही. नव्या प्रोफाइल टी मध्ये ती आहे, पण कॅमेऱ्यात सोय असेल तरच. एनव्हीआरलाही ती वापरता यायला हवी. म्हणून बोलणं गरजेचं असेल तर कॅमेरा आणि एनव्हीआर एकाच कंपनीचे घ्या. आधीच वेगवेगळे घेतले असतील, तर रेकॉर्डिंग एनव्हीआरवर ठेवा आणि बोलण्यासाठी कॅमेऱ्याचं मूळ ॲप वापरा. ऐकताना आवाज चिरका किंवा भलत्याच वेगाने येत असेल तर कॅमेऱ्यातली ऑडिओची पद्धत एएसी वरून जी.७११ करा. ती जवळपास सगळ्यांना समजते.

होम असिस्टंट (घरातली यंत्रं एकत्र चालवणारं सॉफ्टवेअर) वापरणाऱ्यांसाठी: गो-टू-आरटीसी हा भाग ऑनव्हिफची उलटी वाहिनी आणि टॅपोसारख्या काही कॅमेऱ्यांचं बोलणं हाताळतो. पान मात्र एचटीटीपीएसवर उघडलेलं हवं. साध्या एचटीटीपीवर ब्राउझर माइक देतच नाही, आणि बोलण्याचं बटण मुकं राहतं. वेबआरटीसीमध्ये (ब्राउझरमधून थेट बोलण्याची पद्धत) एएसी चालत नाही, त्यामुळे इथेही कॅमेऱ्याचा ऑडिओ जी.७११ वर ठेवा.

दार उघडं ठेवू नका

ज्या वाहिनीतून तुम्ही घरात बोलू शकता, त्याच वाहिनीतून पासवर्ड मिळालेला दुसरा कुणीही बोलू शकतो. २०१९ साली अमेरिकेत मिसिसिपी राज्यात एका घरात असंच घडलं: मुलींच्या खोलीतल्या कॅमेऱ्यातून अनोळखी माणूस आठ वर्षांच्या मुलीशी बोलत होता. कॅमेऱ्याच्या खात्याला इतर कुठेही न वापरलेला पासवर्ड द्या आणि दुहेरी पडताळणी सुरू करा. डीव्हीआर बसवणाऱ्याने ठेवलेला पासवर्ड त्याच दिवशी बदला.

बाहेरून आवाज यावा म्हणून राउटरमध्ये पोर्ट (इंटरनेटवरून आत यायची वाट) उघडायला कुणी सांगितलं तर नको म्हणा. ८०००, ३७७७७ आणि ५५४ हे कॅमेऱ्यांचे नेहमीचे पोर्ट जगभरातून सतत चाचपले जातात. शिवाय अनेक ब्रॉडबँड कंपन्या एकच इंटरनेट पत्ता बऱ्याच ग्राहकांत वाटून देतात, त्यामुळे पोर्ट उघडूनही उपयोग होत नाही. कंपनीच्या ॲपची पी-टू-पी जोडणी (पोर्ट न उघडता होणारी) किंवा स्वतःचं व्हीपीएन (घरच्या नेटवर्कपर्यंतची खासगी वाट) वापरा.

आवाजाचं रेकॉर्डिंग चित्रापेक्षा जास्त खासगी असतं. गेटवरून जाणाऱ्याचा चेहरा कुणालाही दिसतो, पण पायरीवर बसून शेजारणी बोलतात ते तुमच्यासाठी नसतं. गेटवर ऐकणं सुरू ठेवा, पण आवाज साठवणं बंद करता येत असेल तर बंद करा. घरात काम करणाऱ्या ताईंना आणि आजी-आजोबांना सांभाळायला येणाऱ्यांना कॅमेरा ऐकतो हे आधी सांगा, आणि झोपण्याच्या खोलीत माइक ठेवू नका.

शेवटची चाचणी वीज गेल्यावर घ्या. मुख्य स्विच पाडून पाहा: डीव्हीआर इन्व्हर्टरवर असतो, पण फायबरचा डबा, राउटर किंवा ॲम्प्लिफायरचा ॲडॉप्टर यांतला एखादा साध्या सॉकेटवर राहिलेला असतो. चारही एकाच इन्व्हर्टर लाइनवर आणा आणि अंधारात, कॅमेऱ्याचे दिवे लागलेले असताना, गेटवरून पुन्हा एकदा एक ते दहा मोजून घ्या.